विश्लेषण : शनिवारवाड्यात ‘वाडा’ आहे कुठे? हिरवळीतला नकाशा कसा वाचायचा?

पुण्यात आलेला पर्यटक शनिवारवाडा चुकवत नाही. दिल्ली दरवाजासमोर सेल्फी होतो, तिकीट काढले जाते आणि दरवाजातून आत गेल्यावर पहिला प्रश्न येतो, ‘वाडा कुठे आहे?’ समोर हिरवळ, फुलांचे वाफे, पायवाटा आणि गुडघ्याएवढी दगडी बांधकामे. वीस मिनिटांत अनेक जण बाहेर पडतात आणि ‘आत काहीच नाही’ असे सांगतात. प्रत्यक्षात आत बरेच काही आहे. फक्त ते उभे नाही, जमिनीवर आडवे आहे. हा वाडा गेला कसा, आज दिसणारी बाग आली कुठून आणि तासाभराच्या भेटीत नेमके काय पाहायचे, याचा हा आढावा.

वाडा बांधला कधी आणि कशाचा?

थोरल्या बाजीराव पेशव्यांनी १० जानेवारी १७३० रोजी, शनिवारी, वाड्याची पायाभरणी केली. २२ जानेवारी १७३२ रोजी वास्तुशांत झाली आणि तोही शनिवारच होता. पहिल्या बांधकामाचा खर्च १६,११० रुपये आला. सागवान जुन्नरच्या जंगलातून, दगड चिंचवडच्या खाणीतून आणि चुना जेजुरी परिसरातून आणल्याचे सांगितले जाते.

हे साहित्य लक्षात ठेवणे महत्त्वाचे, कारण आज काय दिसते आणि काय दिसत नाही याचे उत्तर त्यातच आहे. पाया आणि जोते दगडाचे. वरचे मजले, खांब, तुळया, तक्तपोशी, सज्जे, जिने हे सारे मुख्यतः लाकडाचे. दगड राहिला, लाकूड गेले.

नंतरच्या पेशव्यांनी वाड्यात सतत भर घातली. नानासाहेबांच्या काळात तटबंदी पूर्ण झाली, नवे महाल उभे राहिले. वाडा सात मजली होता आणि सर्वात वरच्या मेघडंबरीवरून आळंदीच्या मंदिराचा कळस दिसत असे, ही आठवण पुणेकर आजही सांगतात.

मग तो गेला कुठे?

१७ नोव्हेंबर १८१७ रोजी वाड्यावर इंग्रजांचे निशाण चढले. जून १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाने सर जॉन माल्कमपुढे शरणागती पत्करली आणि ब्रह्मावर्ताचा, म्हणजे कानपूरजवळच्या बिठूरचा रस्ता धरला. धनी नसलेल्या वाड्यात सरकारी कामे सुरू झाली. त्यानंतर दहाच वर्षांत, २७ फेब्रुवारी १८२८ रोजी वाड्याला आग लागली. ती सात दिवस धुमसत होती, असे सांगतात. सागवानी खांब, कोरीव महिरपी, रंगवलेल्या भिंती, आरसे यातले जवळपास काही उरले नाही.

उरले ते दगड-विटांचे तट, बुरूज, पाच दरवाजे आणि मातीखाली गाडली गेलेली जोती. १९१९ मध्ये शनिवारवाडा संरक्षित स्मारक म्हणून जाहीर झाला. त्यानंतरच्या काही वर्षांत आतल्या भागात उत्खनन झाले. माती आणि राडारोडा हटवल्यावर दिवाणखान्यांची जोती, चौक, हौद आणि पाण्याचे मार्ग पुन्हा उजेडात आले. म्हणजे आज पर्यटक ज्या ‘भिंती’ ओलांडतात, त्या पडक्या भिंती नसून खोल्यांच्या पायाच्या रेषा आहेत. घर बांधताना प्लॉटवर पायाची आखणी झालेली असते, तशी ही संपूर्ण वाड्याची आखणी आहे.

आतली बाग पेशव्यांची आहे का?

नाही, आजची हिरवळ नंतरची आहे. वाड्याच्या आत चौक होते, कारंजी होती, हौद होते. मात्र आता जिथे लॉन दिसते, तिथे बऱ्याच ठिकाणी दिवाणखाने, कारकुनांच्या कचेऱ्या, कोठ्या आणि मुदपाकखाने अशी वर्दळीची जागा होती. वाडा भरात असताना तिथे हजारभर माणसे राहत असत, असे म्हटले जाते.

संरक्षित स्मारकाभोवती हिरवळ राखण्याची पद्धत ब्रिटिश काळात रुजली. ताजमहालच्या बागेचे आजचे मोकळे रूपही त्याच काळातले. हिरवळीमुळे माती वाहून जात नाही, जोत्यांच्या रेषा उठून दिसतात आणि लोकांना बसायला जागा मिळते. तोटा एवढाच की, पाहणाऱ्याला ही पूर्वीपासूनचीच बाग वाटते आणि जोती म्हणजे बागेची सजावट.

पेशव्यांच्या मोठ्या बागा वाड्याबाहेर होत्या. नानासाहेबांची हिराबाग आणि पर्वतीच्या पायथ्याच्या तळ्यातले सारसबागेचे बेट ही त्यातली ठळक नावे. तिथला ‘तळ्यातला गणपती’ सवाई माधवरावांच्या काळात, १७८४ मध्ये बसवला गेला. पुढे तळे बुजवले गेले आणि आज सारसबाग शहरातली गजबजलेली सार्वजनिक बाग आहे. वाड्यातली आणि पेशवेकालीन बागेची अशा दोन्ही जागा एकाच दिवशी पाहिल्या तर फरक लगेच लक्षात येतो.

पंप नव्हता, मग कारंजे चालायचे कसे?

जोत्यांच्या मधोमध थांबून पाहावे असे ठिकाण म्हणजे हजारी कारंजे. सोळा पाकळ्यांच्या कमळाच्या आकारातले हे दगडी कारंजे बालपेशवे सवाई माधवराव यांच्यासाठी बांधल्याचे सांगितले जाते. नावात हजार असले तरी तोट्यांची संख्या त्यापेक्षा बरीच कमी होती.

या पाण्याची गोष्ट सुरू होते दक्षिणेला, कात्रजच्या घाटापाशी. नानासाहेबांच्या काळात, अठराव्या शतकाच्या मध्याला, कात्रजला बंधारे घालून तलाव तयार करण्यात आला आणि तिथून दगड-विटा-चुन्याचा बंदिस्त नळ जमिनीखालून पुण्यात आणला गेला. कात्रज उंचावर, कसबा आणि शनिवार पेठेचा भाग नदीकाठी सखल. त्यामुळे पाणी उताराने आपोआप वाहत येई.

या नळावर ठरावीक अंतराने विहिरीसारखे उभे हौद होते. त्यांना ‘उच्छ्वास’ म्हणतात. पाणी उच्छ्वासात आले की त्याचा वेग कमी होतो, गाळ तळाशी बसतो आणि वरचे तुलनेने स्वच्छ पाणी पुढच्या नळात जाते. नळात अडकलेली हवा बाहेर पडायलाही वाट मिळते आणि साफसफाईसाठी माणूस आत उतरू शकतो. एकाच रचनेत गाळणी, हवेची वाट आणि दुरुस्तीचे दार! हे पाणी केवळ वाड्यापुरते नव्हते. शहरातल्या सार्वजनिक हौदांतही ते खेळवले होते आणि पुणेकरांच्या कित्येक पिढ्या त्यावर जगल्या.

कारंजे उडण्याचे गणितही सोपे आहे. पाणी तोटीपेक्षा उंच ठिकाणी साठवले की त्या उंचीइतका दाब तोटीवर येतो. साठवण चार मीटर उंच असेल तर धार जास्तीत जास्त चार मीटर उडू शकते. नळातल्या घर्षणामुळे प्रत्यक्षात थोडी कमी. इमारतीच्या गच्चीवरच्या टाकीमुळे खालच्या मजल्यावर नळाला जोर असतो, तेच तत्त्व.

पाच दरवाजांपैकी कुठे काय पाहायचे?

दिल्ली दरवाजा : उत्तरेकडचा मुख्य दरवाजा. अंबारीसह हत्ती आत येईल एवढा उंच. दाराच्या एकेका फळीवर ७२ अणकुचीदार खिळे आहेत. हत्तीने डोक्याने धडक देऊन दार फोडू नये, म्हणून ते त्याच्या कपाळाच्या उंचीवर ठोकलेले. आत शिरल्यावर वाट सरळ जात नाही, झटकन वळते. धावत आलेल्या शत्रूचा वेग मोडण्यासाठी केलेली ही रचना. दरवाजाच्या आतल्या भिंतीवर गणपती आणि शेषशायी विष्णूच्या चित्रांचे अवशेष दिसतात. वर नगारखाना आहे. त्याचे लाकडी खांब आवर्जून पाहावेत.

मस्तानी दरवाजा : हाही उत्तरेच्याच तटात. अलीबहादूर दरवाजा या नावानेही ओळखला जातो.

खिडकी दरवाजा : पूर्वेकडचा. दारातल्या छोट्या दिंडीवरून हे नाव पडले.

गणेश दरवाजा : आग्नेयेला, गणेश रंगमहालाजवळ.

नारायण दरवाजा : दक्षिणेकडचा. आधीचे नाव जांभूळ दरवाजा. ३० ऑगस्ट १७७३ रोजी गारद्यांनी अठरा वर्षांच्या नारायणराव पेशव्यांची वाड्यातच हत्या केली. त्यांचे शव या दरवाजाने बाहेर नेले गेले आणि नाव बदलले.

‘काका मला वाचवा’ ही हाक अमावास्येला ऐकू येते, ही गोष्ट मोबाइलवर सर्वाधिक शोधली जाते. पण त्यामागचा इतिहास भुताच्या गोष्टीपेक्षा जास्त अस्वस्थ करणारा आहे. पेशव्यांच्या स्वतःच्या वाड्यात, भरदिवसा, पगार थकलेल्या पहारेकऱ्यांनी सत्ताधीशाला मारले आणि संशयाचे बोट थेट सख्ख्या चुलत्याकडे, रघुनाथरावांकडे गेले. न्यायाधीश रामशास्त्री प्रभुणे यांनी त्यांना दोषी ठरवले, असे इतिहास सांगतो. त्यानंतर बावीस वर्षांनी, ऑक्टोबर १७९५ मध्ये, नारायणरावांचे चिरंजीव सवाई माधवराव याच वाड्याच्या वरच्या मजल्यावरून पडले आणि दोन दिवसांनी त्यांचा मृत्यू झाला. त्या वेळी त्यांचे वय होते अवघे एकवीस.

वाडा आतून दिसायचा कसा?

यासाठी दोन आधार घेता येतात. पहिला आधार चित्राचा. १७९० मध्ये इंग्रज वकील चार्ल्स मॅलेट याने पेशवे दरबाराशी तह केला. जेम्स वेल्स या चित्रकाराच्या रेखाटनांवरून थॉमस डॅनियल याने त्या दरबाराचे मोठे तैलचित्र १८०५ मध्ये पूर्ण केले. ते आज लंडनच्या टेट संग्रहालयाकडे आहे. नक्षीदार खांब, महिरपी, मागे गणपतीची मूर्ती आणि बैठकीवर बसलेला भरगच्च दरबार त्यात दिसतो. मोबाइलवर हे चित्र उघडून गणेश रंगमहालाच्या जोत्यापाशी उभे राहिले, तर रिकामी जागा भरू लागते.

दुसरा आधार चालत गाठण्याइतका जवळ आहे, विश्रामबागवाडा. दुसऱ्या बाजीरावाच्या काळातल्या या वाड्याचे सुरूच्या झाडाच्या आकाराचे लाकडी खांब, कोरीव दर्शनी भाग आणि चौक आजही उभे आहेत. शनिवारवाड्यात नकाशा पाहायचा आणि विश्रामबागवाड्यात त्या नकाशावर उभे राहणारे लाकूडकाम, असा क्रम लावता येतो.

भेटीचे नियोजन कसे करावे?

भुयारी मेट्रोचे कसबा पेठ स्थानक वाड्याच्या जवळ आहे. पार्किंगची अडचण पाहता तोच सोयीचा पर्याय. भारतीय पर्यटकांसाठी तिकीट २५ रुपये, ऑनलाइन घेतल्यास २० रुपये. १५ वर्षांखालील मुलांना प्रवेश मोफत.

उन्हाळ्यात दुपार टाळावी. आत सावली कमी आहे. सकाळचे तिरपे ऊन जोत्यांच्या कडांवर पडते, तेव्हा खोल्यांची आखणी सर्वात स्पष्ट दिसते. तटावर जाण्याचा मार्ग खुला असेल तर आधी वर जावे. तिथून चौक कुठला, दिवाणखाना कुठला, कारंजे कुठले, हे एका नजरेत कळते. मग खाली उतरून त्याच रेषांमधून चालावे. जोत्यांवर चढणे, उड्या मारणे टाळावे. मूळ वाड्याचे तेवढेच शिल्लक आहे.

वाड्याबाहेरचा प्रश्न काय?

संरक्षित स्मारकांसाठीच्या १९५८ च्या कायद्यात २०१० मध्ये दुरुस्ती झाली. त्यानुसार स्मारकापासून १०० मीटरपर्यंत नव्या बांधकामाला बंदी आहे आणि त्यापुढील २०० मीटरचा पट्टा नियंत्रित आहे. दुरुस्तीलाही परवानगी लागते. शनिवारवाड्याच्या चहूबाजूंना दाट वस्तीच्या जुन्या पेठा आहेत. तिथल्या जुन्या वाड्यांत राहणाऱ्या मालक-भाडेकरूंची तक्रार अशी की, वाडा पाडून नवे बांधता येत नाही आणि जुने सावरणेही परवडत नाही. स्मारकाचा परिसर मोकळा राहावा हे खरे आणि गळक्या छपराखाली पावसाळा काढणाऱ्याची अडचणही तेवढीच खरी.

त्यात एक विसंगती आहे. शनिवारवाड्याचे लाकूडकाम एका आगीत गेले. त्याच परंपरेतले साधे लाकडी वाडे भोवतालच्या पेठांत अजून थोडेफार उभे आहेत आणि दर पावसाळ्यात त्यातले काही कमी होत आहेत. दिल्ली दरवाजातून बाहेर पडल्यावर थेट स्थानकाकडे न वळता कसब्यातल्या एखाद्या गल्लीतून चालत गेले, तर आत जोत्यांवरून ज्याचा अंदाज बांधला, ते सागवानी खांब, चौक आणि ओसरी कुणाच्या तरी राहत्या घरात दिसू शकतात. मात्र ते घर आहे, स्मारक नाही. दारातूनच पाहावे आणि आत जायचे असेल तर आधी विचारावे.