पगारपत्रक नसलेल्या हातांचा मावेजा

४ एप्रिल २०२५ची सकाळ. हिंगोली जिल्ह्यातल्या वसमत तालुक्यामधल्या गुंज गावच्या मजूर बायका ट्रॅक्टरने कामाला निघाल्या होत्या. जिल्ह्याची हद्द ओलांडल्यावर नांदेडमधल्या आलेगाव शिवारात ट्रॅक्टर ट्रॉलीसकट विहिरीत कोसळला. तिघांना बाहेर काढता आलं, सात महिला बुडाल्या. पंतप्रधानांच्या मदत निधीतून प्रत्येकी दोन लाख आणि मुख्यमंत्र्यांकडून पाच लाख रुपये जाहीर झाले.

जाहीर झालेली मदत ही सरकारने दिली तर मिळते. अपघाताची भरपाई मात्र कायद्याने मागता येते आणि ती मागायची जागा म्हणजे मोटार अपघात दावा न्यायाधिकरण.  तिथे दावा लढवण्याचं काम जिल्हा न्यायालयाच्या आवारात बसणारे ‘क्लेमचे वकील’ करतात. फर्डं इंग्रजी आणि उलटतपासणीतली चकमक सिनेमात शोभते. या वकिलाचा निम्मा दिवस कागद गोळा करण्यात जातो: एफआयआर, घटनास्थळाचा पंचनामा, शवविच्छेदन अहवाल, ट्रॅक्टरचं आरसी बुक, विम्याची पॉलिसी, चालकाचं लायसन्स, वारसांची आधार कार्डं.

पहिला प्रश्न दावा कुठे लावायचा. अपघात नांदेड जिल्ह्यात आणि घर हिंगोलीत, म्हणून नांदेडला हेलपाटे घालण्याची सक्ती नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम १६६ वारसांना आपल्या राहत्या ठिकाणच्या न्यायाधिकरणात जाऊ देतं. हिंगोली जिल्हा १ मे १९९९ला झाला. त्याआधी हा भाग परभणी जिल्ह्यात होता. अपील असेल तर आजही छत्रपती संभाजीनगरच्या खंडपीठापर्यंत जावंच लागतं.

मग उभी राहते विमा कंपनी. तिचे आक्षेप ठरलेले असतात. ट्रॅक्टरला चालकापुरतीच सीट, ट्रॉलीचा विमा नाही, लायसन्स चुकीचं, आणि शेतातली विहीर म्हणजे सार्वजनिक जागा नव्हेच. यातल्या शेवटच्या मुद्द्यावर वकिलाच्या हाती एक जुनं हत्यार आहे. मुंबई उच्च न्यायालयाच्या पूर्णपीठाने १९८८मध्येच सांगून ठेवलं की, लोकांना ये-जा करता येते अशी खासगी जागाही या कायद्यापुरती ‘सार्वजनिक जागा’ ठरू शकते. लायसन्सच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाच्या २००४च्या स्वर्णसिंग निकालाने वाट काढून दिली: कंपनीने आधी वारसांना पैसे द्यावेत आणि नंतर ते वाहनमालकाकडून वसूल करावेत, असा आदेश देता येतो. ट्रॉलीत बसलेल्या मजुरांचा मुद्दा मात्र खरोखर अवघड आहे. मालवाहू वाहनातल्या फुकट प्रवाशाची जबाबदारी कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने २००३मध्ये म्हटलेलं आहे. म्हणून त्या बायका वाहनमालकाच्या कामावर होत्या की नुसत्या बसून चालल्या होत्या, यावर सारा दावा फिरतो. मुकादमाची साक्ष इथे सोन्याच्या मोलाची.

खरी लढाई पुढेच आहे, आणि ती एका आकड्यावर लढली जाते. मजूर बाई महिन्याला किती कमवत होती?

वसमतच्या हळदीला २०२४मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती हळद खणणाऱ्या, शिजवणाऱ्या, वाळवणाऱ्या बाईकडे पगारपत्रक नसतं. मजुरी रोख, हजेरी मुकादमाच्या वहीत, कधी तीही नाही. कंपनीचा वकील म्हणतो, सहा हजार धरा. क्लेमचा वकील म्हणतो, दहा हजार. समजा, बाई पस्तीस वर्षांची आणि तिच्यावर चार माणसं अवलंबून. सरला वर्मा (२००९) आणि प्रणय सेठी (२०१७) या निकालांनी हिशेबाची रीत बांधून दिली आहे. वय चाळिशीच्या आत, म्हणून भविष्यातल्या वाढीपोटी ४० टक्के जोडायचे. तिच्या स्वतःच्या खर्चाचा चौथा हिस्सा वजा करायचा. वर्षाचा आकडा काढून वयाप्रमाणे ठरलेल्या सोळाने गुणायचं. दहा हजार धरले तर २०,१६,००० रुपये येतात, सहा हजार धरले तर १२,०९,६००. साक्षीपुराव्याने शाबीत केलेल्या चार हजारांनी कुटुंबाच्या पदरात आठ लाखांहून अधिक फरक पडतो.

शिवाय रानातून परतल्यावर ती चूल, पाणी, लेकरं, म्हातारी माणसं सांभाळत होती. त्या कामाचं मोल शून्य धरायचं का? सर्वोच्च न्यायालयाने २००१च्या लता वाधवा प्रकरणात गृहिणीच्या सेवेचं मोल महिना तीन हजार रुपये धरलं, आणि २०२१च्या कीर्ती प्रकरणात गृहिणीच्या मानीव उत्पन्नातही भविष्यातली वाढ मोजली पाहिजे, असं स्पष्ट केलं. तरीही ‘मयत घरकाम करीत होती’ एवढ्या एका ओळीवर भागवणारे दावे लिहिले जातात. तो निव्वळ आळस आहे.

जखमी वाचला तर हिशेब बदलतो. सिव्हिल सर्जनच्या दाखल्यावरची अपंगत्वाची टक्केवारी आणि कमाईतली घट एकच नव्हे, हे राजकुमार विरुद्ध अजयकुमार निकालाने सांगितलं. डावा हात गेला तर कारकुनाची नोकरी टिकेल, सुताराचा धंदा बुडेल. वकिलाने डॉक्टरला साक्षीला बोलावून नेमकं हेच वदवून घ्यायचं असतं.

या धंद्याची काळी बाजूही आहे. दवाखान्याच्या दारातच वकालतनाम्यावर अंगठा घेणारे दलाल मराठवाड्याला नवे नाहीत. बार कौन्सिलच्या नियमांनुसार वकिलाला काम मिळवण्यासाठी अशी माणसं फिरवता येत नाहीत आणि मिळणाऱ्या रकमेत टक्का ठरवणंही निषिद्ध आहे. ‘अर्धे तुमचे, अर्धे माझे’ म्हणणाऱ्याला त्याच पावली परत पाठवावं.

मुदतीचंही भान हवं. १९९४मध्ये दाव्याची कालमर्यादा काढून टाकली होती. १ एप्रिल २०२२पासून ती सहा महिने म्हणून परत आली. तिला आव्हान दिलेलं आहे आणि नोव्हेंबर २०२५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केवळ उशिरामुळे दावे फेटाळू नयेत, असा अंतरिम आदेश दिला. तो अंतिम निकाल नाही, तेव्हा तेरावं झाल्यावर कागद जमवायला लागलेलं बरं. धडक देऊन वाहन पळून गेलं असेल, तर मृत्यूसाठी दोन लाख आणि गंभीर दुखापतीसाठी पन्नास हजार रुपयांची वेगळी सरकारी योजना आहे.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून घरी बसू नका. १९८७च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याखाली कोणत्याही महिलेला, उत्पन्नाची अट न लावता, मोफत वकील मिळतो. त्यासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा किंवा १५१०० या क्रमांकावर फोन करावा.