देवळालीचा ताप, साहेबाच्या डोक्याला!

मंगळवारची दुपार. सातपूर एमआयडीसीतलं आमचं ऑफिस, डबे नुकतेच संपलेले, डोळ्यांवर झोप आणि स्पीकरफोनवर बर्मिंगहॅमचा क्लायंट. आम्ही पाठवलेल्या मशिनचा एक सेन्सर तिकडे काहीच्या बाही आकडे दाखवत होता. साहेब वैतागून म्हणाला, ‘इट्स गॉन कम्प्लीटली डूलॅली!’

आम्ही सगळ्यांनी समजल्यासारख्या माना डोलावल्या. कॉल संपल्यावर शेजारचा ज्युनिअर हळूच म्हणाला, ‘मॅडम, डूलॅली हा कुठला पार्ट? ड्रॉइंगमध्ये तर दिसत नाही.’

हसू नका, मलाही माहीत नव्हतं. डिक्शनरी उघडली. ‘गो डूलॅली’ म्हणजे डोकं फिरणं, ताळतंत्र सुटणं. इथवर ठीक. पण शब्दाचं मूळ वाचलं आणि खुर्चीतून उडालेच. देवळाली, नाशिकजवळ!

म्हणजे आपली देवळाली? तोफखान्याची, लॅम रोडची, सातपूरहून बाइक काढली की तासाभराच्या आत गाठता येते ती? साहेबाच्या भाषेत ती चक्क वेड लागण्याचं नाव होऊन बसली होती. आता मात्र छडा लावायलाच हवा होता.

बोट कधी येणार?

इंग्रजांनी 1861 मध्ये देवळालीत लष्करी छावणी उभी केली. मुंबईहून रेल्वेने येणं-जाणं सोपं, त्यामुळे विलायतेहून आलेले गोरे शिपाई आधी इथे उतरत आणि नोकरीची मुदत संपली की परतीच्या बोटीसाठी पुन्हा इथेच येऊन थांबत.

घोळ इथेच होता. सैनिकांना नेणाऱ्या बोटी साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात चालत. ज्याची मुदत एप्रिलमध्ये संपली, त्याने करायचं काय? पुढच्या हंगामापर्यंत देवळालीत बसायचं! लढाई नाही, धड काम नाही. उन्हाळा, डास, दारू आणि रोजचा एकच प्रश्न, बोट कधी?

फ्रँक रिचर्ड्स नावाच्या ब्रिटिश सैनिकाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला हिंदुस्थानात नोकरी केली. 1936 च्या आपल्या आठवणींच्या पुस्तकात त्याने या छावणीबद्दल लिहून ठेवलंय. वर्षानुवर्षं ज्यांच्या नावावर एक डाग नव्हता, अशी माणसं इथे येऊन बिघडायची, काही तर थेट तुरुंगात जायची. कारण? त्याच्या मते, निव्वळ कंटाळा.

आणि ताप आपलाच!

खरी गंमत पुढे आहे. मूळ शब्द नुसता ‘डूलॅली’ नव्हताच, तो होता ‘डूलॅली टॅप’. हा टॅप म्हणजे नळ नव्हे बरं का! हा आपला ताप. म्हणजे तुम्ही-आम्ही ज्याला ‘डोक्याला ताप’ म्हणतो, तोच हा, फक्त गोऱ्या उच्चारात. 1925 मध्ये छापलेल्या सैनिकी शब्दांच्या एका कोशात तो जुन्या फौजेतला शब्द म्हणून नोंदलेला आहे. पुढे ताप गळून पडला आणि नुसती देवळाली उरली.

हे सैनिक ज्या मायदेशाकडे डोळे लावून बसत, त्याला ते लाडाने ‘ब्लायटी’ म्हणत. तोही आपल्या ‘विलायती’चाच अवतार. आजार आपल्या शब्दांत, औषधही आपल्याच शब्दांत!

पुढे 1974 ते 1981 या काळात बीबीसीवर ‘इट एन्ट हाफ हॉट मम’ ही विनोदी मालिका गाजली. तिचे सुरुवातीचे भाग देवळालीच्या छावणीतच घडतात.

हवा चांगली, तरी वेड?

आता नाशिककर म्हणून माझा एक आक्षेप. मुंबईची माणसं पिढ्यान्‌पिढ्या देवळालीला येतात ती हवा खायला. पारशी आणि गुजराती कुटुंबांनी इथे बंगले आणि सॅनिटोरियम बांधली, ती आजाऱ्याने बरं होऊन जावं म्हणून. मग तेच गाव एका माणसाला ठणठणीत करतं आणि दुसऱ्याला वेडं, हे कसं?

उत्तर सोपं आहे. पारशी बाबा देवळालीत राहायला यायचा. गोरा शिपाई देवळालीतून सुटायला. वेड हवेत नव्हतं, वाट बघण्यात होतं.

हे वाचलं आणि मी थोडी गप्प झाले. कारण गेले आठ महिने माझं काय चाललं होतं? कंपनीने बर्मिंगहॅमला वर्षभरासाठी पाठवायचं ठरवलेलं. ‘पुढच्या आठवड्यात पेपर येतील’ हे वाक्य मी किती वेळा ऐकलं, त्याचा हिशेब सोडलाय. जायचंच आहे म्हणून नवं प्रोजेक्ट घेतलं नाही. जायचंच आहे म्हणून जिम लावली नाही, मैत्रिणींसोबतची कोकण ट्रिप नाकारली. पलंगाखाली भरलेली बॅग, दर दहा मिनिटांनी मेल चेक करणं आणि घरी आईवर विनाकारण चिडचिड. परवा ती वैतागून म्हणालीच, ‘अगं, तू इथे आहेस की गेलीस?’

मी सातपुरात बसून देवळालीचा ताप काढत होते!

कन्फर्मेशन लेटर, प्रमोशन, व्हिसा, ‘घरच्यांना विचारून सांगतो’ म्हणणारा मुलगा... तुमचीही एखादी बोट अडकलेली असेलच. बोटीचा हंगाम आपल्या हातात नसतो. मधले महिने मात्र आपलेच असतात.

दुसऱ्या दिवशी मी मॅनेजरकडे गेले आणि म्हटलं, ‘सर, पेपर येतील तेव्हा येतील. तोवर मला चालू प्रोजेक्टवर घ्या.’ ते तयारच होते. मीच विचारलं नव्हतं! रात्री बॅग उपसली, स्वेटर परत कपाटात गेले. रविवारी आईला घेऊन देवळालीला गेले. मस्त हवा होती.

पेपर? अजून आलेले नाहीत. आणि हो, त्या सेन्सरची एक वायर सैल निघाली. तो शहाणा झालाय.

वापरायचा कसा?
• शब्द घरगुती, गमतीचा आहे. प्रिंटर, लॅपटॉप किंवा पावसाळी हवामानाबद्दल बिनधास्त वापरा. ऑफिशियल मेलमध्ये नको.
• कुणाला खरोखरच मानसिक त्रास असेल, तर त्या व्यक्तीबद्दल अजिबात नको.
• क्लायंटने वापरलाच, तर शांतपणे सांगा, ‘सर, ते आमच्या गावाजवळचं आहे!’