वेग आणि विजय

शाळेच्या वार्षिक क्रीडास्पर्धांचा दिवस जवळ आला, की कोण पहिला येणार याविषयी वर्गावर्गांत तर्क सुरू होतात. सरावात ज्याने सर्वांत कमी वेळ घेतला, तोच जिंकणार, असे बहुतेकांना वाटते. हा तर्क अगदीच चुकीचा आहे असे म्हणता येणार नाही. परंतु तो अपुरा आहे. तो किती अपुरा आहे, हे नॉर्वे देशातील याकोब इंगेब्रिग्टसन या धावपटूच्या दोन शर्यतींवरून चांगले समजते.

७ ऑगस्ट २०२१ रोजी टोकियो येथे ऑलिंपिक सामन्यांतील १५०० मीटरांची अंतिम शर्यत झाली. याकोबने ती ३ मिनिटे २८.३२ सेकंदांत पुरी केली. ऑलिंपिकच्या इतिहासात तोपर्यंत हे अंतर इतक्या कमी वेळात कोणीही कापले नव्हते. वयाच्या अवघ्या विसाव्या वर्षी त्याला सुवर्णपदक मिळाले. पुढे तीन वर्षांनी, ६ ऑगस्ट २०२४ रोजी, पॅरिस येथे तो पुन्हा त्याच शर्यतीत उतरला. या वेळी त्याला ३ मिनिटे २८.२४ सेकंद लागले. म्हणजे टोकियोपेक्षा तो अधिक वेगाने धावला होता. तरीही त्याचा क्रमांक चौथा आला. सुवर्ण तर राहोच, पण कांस्यपदकही त्याच्या हाती लागले नाही!

हे कसे घडले? आणि एखादा तरुण धावपटू जागतिक स्पर्धेत पदक मिळवील किंवा नाही, हे शेवटी ठरते तरी कशावर? या प्रश्नांचा आपण क्रमाक्रमाने विचार करू.

प्रथम शरीराचा विचार करावयास हवा. १५०० मीटर म्हणजे ४०० मीटरांच्या धावपट्टीचे पावणेचार फेरे आणि ५००० मीटर म्हणजे साडेबारा फेरे. इतके अंतर वेगाने कापताना स्नायूंना सतत प्राणवायू लागतो. फुफ्फुसे तो हवेतून घेतात, रक्त तो वाहून नेते आणि हृदय ते रक्त सर्व शरीरभर खेळवते. ज्याचे हृदय एका ठोक्यात अधिक रक्त पुढे ढकलू शकते, तो धावपटू अधिक वेळ टिकाव धरतो. ही शक्ती काही अंशी जन्मजात असते. परंतु वर्षानुवर्षांच्या सरावावाचून ती फुलत नाही.

याकोबचा जन्म २००० साली नॉर्वेच्या नैर्ऋत्य भागातील सान्नेस या गावी झाला. हेन्रिक आणि फिलिप हे त्याचे दोघे थोरले भाऊ नामांकित धावपटू. दोघांनीही १५०० मीटरांच्या शर्यतीत युरोपचे अजिंक्यपद मिळवलेले. त्यांच्या मागे धावतच याकोब लहानाचा मोठा झाला. मे २०१७ मध्ये, वयाच्या सोळाव्या वर्षी, त्याने एक मैलाचे अंतर चार मिनिटांच्या आत कापले. तोपर्यंत इतक्या लहान वयात हे कोणालाही साधले नव्हते.

त्याच्या देशातील धावपटूंच्या सरावाची एक पद्धत मोठी लक्षात घेण्याजोगी आहे. वेगाने धावताना स्नायूंना प्राणवायू पुरेनासा झाला, की रक्तात दुग्धाम्ल नावाच्या द्रव्याचा अंश झपाट्याने वाढू लागतो. त्याच सुमारास पाय जड होऊ लागतात. म्हणून हे धावपटू सरावाच्या मध्येच थांबून बोटातून किंवा कानाच्या पाळीतून रक्ताचा एक थेंब काढतात आणि छोट्या यंत्राने तो तपासतात. अंश ठरलेल्या मर्यादेपलीकडे गेला, तर पुढचा टप्पा ते सावकाश धावतात. अशा प्रकारे शरीराला न थकवता त्यांना एकाच दिवशी सकाळी आणि सायंकाळी असा दोनदा कसून सराव करता येतो. रोज जीव तोडून धावणे म्हणजे उत्तम सराव, असा पुष्कळांचा समज असतो. खरा शहाणपणा मात्र कोठे थांबावे हे ओळखण्यात आहे.

लहान वयात यश मिळाले, की पुढे पदके मिळणारच, असेही समजू नये. जुलै २०१८ मध्ये फिनलंडमधील तांपेरे येथे वीस वर्षांखालील मुलांची जागतिक स्पर्धा झाली. तेथे याकोब १५०० मीटरांत दुसरा आणि ५००० मीटरांत तिसरा आला. दोन्ही शर्यती केनियाच्या मुलांनी जिंकल्या. परंतु पुढच्याच महिन्यात बर्लिन येथे, मोठ्या वयाच्या धावपटूंशी सामना असताना, या सतरा वर्षांच्या मुलाने लागोपाठच्या दोन दिवशी याच दोन शर्यतींत युरोपचे अजिंक्यपद पटकावले. एक पराभव म्हणजे सर्वस्व गेले असे नव्हे, हे तो त्याच वेळी शिकला असावा. २०१९ साली दोहा येथील जागतिक स्पर्धेत मात्र तो चौथा आणि पाचवा आला. जगातील सर्वश्रेष्ठ धावपटू आणि आपण यांच्यात अजून किती अंतर आहे, हे त्याला तेथे कळून चुकले.

आता शर्यतीकडे वळू. विक्रमाची शर्यत आणि पदकाची शर्यत या दोन अगदी निराळ्या गोष्टी आहेत. विक्रमाच्या शर्यतीत प्रारंभीचे काही फेरे वेग बांधून देण्यासाठी एकदोन धावपटू मुद्दाम नेमलेले असतात. ते पुढे धावतात आणि वारा कापतात. मागच्याला केवळ त्यांच्या पावलावर पाऊल टाकायचे असते. अशाच एका शर्यतीत याकोबने ऑगस्ट २०२४ मध्ये पोलंड देशात ३००० मीटरांचे अंतर ७ मिनिटे १७.५५ सेकंदांत कापले आणि १९९६ पासून अबाधित राहिलेला विश्वविक्रम मोडला.

ऑलिंपिक किंवा जागतिक स्पर्धेत असा वाटाड्या कोणी नसतो. तेथे प्राथमिक फेरी, उपांत्य फेरी आणि अंतिम फेरी अशा पायऱ्या थोड्या दिवसांत चढून जावे लागते. अंतिम फेरीत जो पुढे होतो, तो साऱ्यांसाठी वारा कापतो. त्याच्या मागचे आपली शक्ती राखून ठेवतात. म्हणून पुष्कळदा पुढे जाण्यास कोणीच राजी नसते आणि शर्यत मंद चालते. २०१६ साली रिओ येथे अमेरिकेच्या मॅथ्यू सेंट्रोविट्झने ३ मिनिटे ५०.०० सेकंद घेऊन सुवर्णपदक मिळवले. याकोबच्या टोकियोतील वेळेपेक्षा ही वेळ एकवीस सेकंदांहून अधिक आहे. परंतु त्या दिवशी शेवटच्या फेऱ्यात त्याच्या पुढे कोणालाही जाता आले नाही. पदक घड्याळाला मिळत नसते. ते पहिल्या आलेल्याला मिळते.

टोकियोमध्ये याकोबने हेच ओळखले होते. केनियाचा टिमोथी चेरुयोट हा त्या वेळचा जगज्जेता. त्याने याकोबला त्यापूर्वी अनेकदा हरवले होते. चेरुयोट पुढे निघाला, तेव्हा याकोब त्याच्या पाठीशी चिकटून राहिला आणि शेवटच्या शंभर मीटरांत त्याने त्याला मागे टाकले. पुढे मात्र पारडे फिरले. आता साऱ्यांचे डोळे याकोबवर लागले होते. २०२२ साली युजीन येथील जागतिक स्पर्धेत जेक वाइटमनने आणि २०२३ साली बुडापेस्ट येथे जॉश केरने त्याला शेवटच्या दोनशे मीटरांत गाठून मागे टाकले. हे दोघेही स्कॉटलंडचे. दोन्ही वेळा याकोब सुमारे पाव सेकंदाने हरला.

पॅरिसमध्ये हा अनुभव त्याच्या मनात असलाच पाहिजे. शेवटच्या वेगवान धावेत आपण कमी पडतो. तेव्हा आरंभापासूनच इतका वेग ठेवावा, की इतरांत शेवटी त्राण उरू नये, असा बेत त्याने केलेला दिसतो. पहिले ४०० मीटर त्याने ५५ सेकंदांच्या आत कापले. पण तो वेग त्याला स्वतःलाच भोवला. अखेरच्या सरळ टप्प्यात केर बाहेरच्या बाजूने पुढे सरकला आणि अमेरिकेच्या कोल हॉकरला आतल्या बाजूने वाट मिळाली. हॉकर ३ मिनिटे २७.६५ सेकंदांत पहिला आला. आपल्या पूर्वीच्या उत्तम वेळेपेक्षा त्याने जवळजवळ तीन सेकंद कमी घेतले होते. केर दुसरा आणि अमेरिकेचाच यारेड नुगुसे तिसरा. दोघांत केवळ एक शतांश सेकंदाचे अंतर. याकोबच्या जोरावर या तिघांनीही आपली उत्तम दौड केली. वारा त्याने कापला आणि पदके इतरांनी नेली.

यावरून आणखी एक गोष्ट ध्यानात येते. आपण किती चांगले धावतो, एवढ्यावरच आपले यश अवलंबून नसते. त्या दिवशी आपल्यासोबत कोण धावत आहे, यावरही ते अवलंबून असते. दैवाचा वाटाही थोडा असतोच. मोरोक्कोच्या हिशाम एल गेरूजची कथा याबाबतीत प्रसिद्ध आहे. १९९६ साली अटलांटा येथे शेवटचा फेरा सुरू होण्याच्या सुमारास पुढच्या धावपटूच्या पायाला अडखळून तो पडला आणि सर्वांच्या मागे राहिला. १९९८ साली त्याने १५०० मीटरांचे अंतर ३ मिनिटे २६.०० सेकंदांत कापून विश्वविक्रम केला. तरीही २००० साली सिडनी येथे त्याला दुसऱ्या क्रमांकावर समाधान मानावे लागले. अखेर २००४ साली अथेन्स येथे तो जिंकला. त्याची वेळ होती ३ मिनिटे ३४.१८ सेकंद; म्हणजे स्वतःच्या विक्रमापेक्षा आठ सेकंदांनी अधिक! काही दिवसांतच त्याने ५००० मीटरांचेही सुवर्णपदक मिळवले. पहिल्या पडण्यापासून या विजयापर्यंत त्याला आठ वर्षे वाट पाहावी लागली.

दुखापत हा तर धावपटूचा नित्याचा शत्रू. २०२५ च्या मार्चमध्ये याकोबने बंदिस्त क्रीडागृहातील जागतिक स्पर्धेत १५०० आणि ३००० मीटरांच्या दोन्ही शर्यती जिंकल्या. परंतु त्यानंतर टाचेच्या मागच्या जाड शिरेने त्याला महिनोन्‌महिने सतावले. सप्टेंबरमध्ये टोकियो येथील जागतिक स्पर्धेत तो १५०० मीटरांच्या पहिल्याच फेरीत बाद झाला आणि ५००० मीटरांच्या अंतिम शर्यतीत दहावा आला. त्याच स्पर्धेत ऑलिंपिक विजेता हॉकर १५०० मीटरांच्या उपांत्य फेरीत धक्काबुक्कीच्या कारणावरून बाद ठरला, आणि केर अंतिम शर्यतीत जायबंदी होऊन सर्वांच्या मागे राहिला. पोर्तुगालचा इसाक नादेर दोन शतांश सेकंदांनी जिंकला. बाद ठरलेल्या हॉकरने मात्र धीर सोडला नाही. काही दिवसांनी त्याने ५००० मीटरांचे सुवर्णपदक मिळवले.

तर मग, एखाद्या होतकरू धावपटूला जागतिक पदक मिळेल काय, या प्रश्नाचे उत्तर काय द्यावे? त्याच्या वयाकडे आणि वेळेकडे पाहावे. पण तेवढ्यावर थांबू नये. त्याची प्रगती वर्षागणिक होत आहे काय, त्याचा सराव शरीराला पेलणारा आहे काय, मंद आणि वेगवान या दोन्ही प्रकारच्या शर्यती त्याला साधतात काय, शेवटच्या फेऱ्यात त्याच्या पायांत जोर उरतो काय, आणि पराभवानंतर तो पुन्हा उभा राहतो काय, हेही पाहावे. या साऱ्या प्रश्नांची उत्तरे अनुकूल आली, तरीही पदक मिळेलच असे कोणी छातीठोकपणे सांगू नये. फार तर, त्याला चांगली संधी आहे, एवढेच म्हणावे.

पॅरिसच्या त्या पराभवानंतर चौथ्या दिवशी ५००० मीटरांची अंतिम शर्यत होती. हातचे पदक गेल्याचे दुःख ताजे होते आणि पायांत अनेक फेऱ्यांचा थकवा होता. याकोब पुन्हा धावपट्टीवर आला. या वेळी त्याने घाई केली नाही. तो घोळक्यात शांतपणे धावत राहिला आणि शेवटच्या फेऱ्यात असा वेगाने पुढे निघाला, की त्याला कोणीच गाठू शकले नाही. १३ मिनिटे १३.६६ सेकंदांत त्याने सुवर्णपदक जिंकले. चार दिवसांत त्याचे शरीर बदलले नव्हते. बदलली होती ती शर्यतीची रीत. आधीची चूक जो ओळखतो, त्याला पुढची संधी खऱ्या अर्थाने संधी ठरते.