अर्ध्या दिवसाची सहल

सुट्टीचा वार जवळ आला की मध्यमवर्गीय घरांत सहलीचा विषय निघतो, आणि तो बहुधा ‘कुठे जायचे?’ या प्रश्नापासूनच निघतो. ठिकाणाचे नाव आधी ठरते, मग वाहनाची तजवीज, मग पैशांची. आणि एवढे जुळवून आणल्यावर, खर्च वसूल व्हावा म्हणून, वाटेवरची आणखी दोन ठिकाणे त्याच दिवसात कोंबली जातात. घरातल्या माणसांना किती चालवते, हा विचार सर्वांत शेवटी येतो, किंवा येतच नाही. माझे मत असे की सहलीचे माप घरातील सर्वांत लहान मूल आणि सर्वांत वृद्ध व्यक्ती यांच्या पावलांनी घ्यावे, ठिकाण एकच असावे, आणि शक्यतो दुपारच्या जेवणाला माणसे घरी परतलेली असावीत. असे केले म्हणजे काटकसर वेगळी करावी लागत नाही. दमलेले मूल रडू लागले म्हणून घेतलेले खेळणे, उन्हाने जीव कासावीस झाला म्हणून घेतलेली सरबते, भूक अनावर झाली म्हणून समोर येईल त्या उपाहारगृहात दिलेले पैसे, आणि बसची वाट पाहण्याचे त्राण उरले नाही म्हणून केलेली रिक्षा, या रकमा जमाखर्चाच्या वहीत निरनिराळ्या खात्यांवर पडत असल्या, तरी त्या सगळ्या थकव्यापोटी गेलेल्या असतात.

या बाबतीत पुणेकरांचे भाग्य थोर आहे. ज्या टेकडीवर नानासाहेब पेशव्यांनी १७४९ साली देवदेवेश्वराचे मंदिर बांधले, ती पर्वती आता भर वस्तीत आली असली, तरी तिच्या माथ्यावर उभे राहिले की सारे शहर एका दृष्टिक्षेपात येते आणि हवा स्वच्छ असली तर नैर्ऋत्येला सिंहगडही ओळखू येतो. पायऱ्या १०३. त्या रुंद आहेत, कठड्याला टेकून विसावा घेता येतो, आणि सावकाश चढणाऱ्या वृद्धालाही त्या अवघड वाटत नाहीत. गेल्या हिवाळ्यात एका रविवारी सकाळी मी तेथे एक आजी आणि त्यांची दोन नातवंडे पाहिली. मुलगी म्हणत होती पायऱ्या एकशे एक, तिचा थोरला भाऊ म्हणत होता एकशे तीन, आणि वाद मिटेना, तेव्हा दोघेही पुन्हा खाली उतरून मोजत मोजत वर आली. तेवढ्या वेळात आजींनी कठड्यापाशी बैठक मारली, डब्यातल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढून ठेवली आणि देवळाच्या शिखराकडे पाहत स्वस्थ बसून राहिल्या. मुले धापा टाकीत, पण हसत आली. त्या कुटुंबाचा त्या दिवशीचा खर्च म्हणजे बसचे भाडे, एवढाच असावा.

मुलांना सांगण्यासारखेही पर्वतीवर पुष्कळ आहे. नानासाहेबांचा अंत येथेच, पानिपतच्या आघातानंतर काही महिन्यांतच, १७६१ साली झाला. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई चालू असताना दुसरा बाजीराव येथूनच ती पाहत होता, असे सांगतात. पाठ्यपुस्तकात चार ओळींत उरकलेला प्रसंग जेथे घडला त्या जागी उभे राहून ऐकला, म्हणजे तो मुलाच्या मनात घर करतो. उतरल्यावर अंगात उत्साह असेल तर पायथ्यालाच सारसबाग आहे. तेथील तळे नानासाहेबांच्या वेळचे, आणि त्यातल्या बेटावर गणपतीची स्थापना १७८४ साली सवाई माधवरावांच्या कारकिर्दीत झाली. तळे पुढे बुजून बाग झाली, तरी जुने पुणेकर अजून ‘तळ्यातला गणपती’ असेच म्हणतात. उत्साह नसेल तर मात्र सारसबाग पुढच्या रविवारासाठी राखून ठेवावी.

शिदोरीविषयी थोडे विस्ताराने सांगतो, कारण सहलीचा जमाखर्च तिच्यावरच अवलंबून असतो. दुधात भिजवलेली दशमी पोळीपेक्षा अधिक काळ मऊ राहते. कोरडी चटणी सांडत नाही. गूळ-शेंगदाणे मुलांना थोड्या थोड्या वेळाने देता येतात. रस्सा, दही आणि कापून ठेवलेली फळे उन्हात नेऊ नयेत. पाणी वाटेल त्यापेक्षा दुप्पट घ्यावे, आणि रिकाम्या पिशव्या-बाटल्या घरी परत आणाव्यात. पर्वतीवर आणि वेताळ टेकडीवर जो कचरा दिसतो तो आपल्यासारख्या सहलकऱ्यांनीच टाकलेला असतो, याची मला मनापासून खंत वाटते.

सिंहगडावर मात्र डबा न्यावा असे मी म्हणणार नाही. गडावर पिठले-भाकरी, वांग्याचे भरीत आणि मडक्यातले दही विकणारी माणसे गडाच्या परिसरातलीच आहेत, त्यांचा चरितार्थ त्यावर चालतो, आणि चुलीवरची ती भाकरी घरच्या डब्यापेक्षा सरस असते. शहरापासून हा गड सुमारे तीस किलोमीटर. पायथ्यापर्यंत शहर बस जाते आणि आतकरवाडीच्या वाटेने दीड-दोन तासांत वर पोहोचता येते. पण ही चढण दहा-बारा वर्षांच्या मुलांची आहे, त्याहून लहानांची नव्हे, आणि घरी परतायला येथे तिसरा प्रहर होतो हे धरूनच निघावे. ४ फेब्रुवारी १६७० रोजी तानाजी मालुसरे जेथे पडले तो गड पावसाळ्यातल्या रविवारी गर्दीने इतका गजबजतो की उभे राहायला जागा मिळत नाही. शक्य असेल त्याने आठवड्यातला मधला वार साधावा. वाटेतल्या खडकवासल्याच्या जलाशयापाशी काठावर बसून पाणी पाहावे, त्यात उतरू मात्र मुळीच नये. तळाचा अंदाज येत नाही, आणि दर वर्षी तेथे कोणाच्या तरी घरावर दुःखाचा प्रसंग येतो.

चढण झेपत नसेल त्यांच्यासाठी जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर आहे. आठव्या शतकात एकाच खडकात कोरलेले हे लेणे आणि समोरचा वर्तुळाकार नंदीमंडप ऐन एप्रिलच्या दुपारीही थंड असतो. मुलांना कात्रजचे प्राणिसंग्रहालय दाखवायचे असेल, तर ते बुधवारी बंद असते, हे ध्यानात ठेवावे. बंद फाटकापाशी रडणारे मूल मी पाहिले आहे.

तेव्हा येत्या सुट्टीचा बेत ठरवताना ठिकाणांची यादी बाजूला ठेवावी, घरातल्या आजी-आजोबांजवळ बसावे, आणि ‘आपल्याला किती चालवेल?’ एवढेच त्यांना आदराने विचारावे. उत्तर ‘फार नाही’ असे आले, तर पाताळेश्वराला जावे. ‘हळूहळू चालेन’ असे आले, तर सकाळी सातच्या आत पर्वतीच्या पहिल्या पायरीवर असावे.