समूहाची ओळख आणि सामाजिक व्यवहार

भाषा, वेष व चालीरीती यांच्या समुच्चयाने समूहाची ओळख सिद्ध होते, असे मानवशास्त्रात दीर्घकाळ गृहीत धरले जाई. नॉर्वेजियन मानवशास्त्रज्ञ फ्रेड्रिक बार्थ यांनी १९६९ मध्ये संपादिलेल्या ग्रंथाच्या प्रस्तावनेत या गृहीताला हरकत घेतली. त्यांच्या मते समूहांमधील सीमारेषा परस्परव्यवहारातूनच उत्पन्न होते व टिकते. माणसे ती ओलांडतात. तरीही ती पुसली जात नाही.

पठाण प्रदेशाच्या दक्षिण सीमेवरील त्यांचे उदाहरण उद्बोधक आहे. पठाणांच्या जिरग्यात सर्व सभासद समान मानले जातात. कोणाचे आश्रित होणे तेथे अप्रतिष्ठेचे ठरते. बलुची टोळीची रचना मात्र सरदार व आश्रित अशा उतरंडीची असून तीत आश्रितालाही मानाचे स्थान असते. त्यामुळे कलहात वा आपत्तीत भूमिहीन झालेला पठाण बलुची सरदाराचा आश्रय घेई व कालांतराने बलुचीच गणला जाई. उलट दिशेचे स्थित्यंतर मात्र घडत नसे.

यावरून असे दिसते की, ओळख प्रवाही असली तरी ती स्वेच्छाधीन नसते. केवळ पठाण म्हणवून घेणे पुरेसे नाही. त्या नावास साजेसे वर्तन शक्य झाले पाहिजे आणि इतरांनी तो अधिकार मान्य केला पाहिजे. जमीन गेली की पहिली अटच पाळता येत नाही. म्हणून ओळख बदलते एवढे नोंदवून अभ्यासकाचे कार्य संपत नाही; तिच्या अटी कोणत्या व त्या कोणास पाळता येतात, हे शोधणे अगत्याचे आहे.