मतभेदाची अकरा कलमे

दिवाळीच्या फराळाला चार नातेवाईक जमले आणि राजकारण निघाले नाही, असे घर नागपुरात शोधून सापडायचे नाही. चिवड्याची पहिली बशी संपण्यापूर्वीच वेगळ्या विदर्भाचा विषय निघतो. पुण्याहून आलेले व्याही म्हणतात, “अहो, महाराष्ट्राचे तुकडे करायला निघालात की काय?” घरचे काका उसळतात, “तुमच्या मुंबईनं आमाले देलं काय, सांगा ना बाप्पा!” अर्धा तास आवाज चढत राहतो आणि अखेरीस दोघेही आपणच जिंकलो या समाधानात हात धुवायला उठतात. त्या वेळी कोणी आडवे येऊन विचारावे की, “समोरच्याचे म्हणणे काय होते, ते सांगा पाहू!” एकालाही ते धड सांगता येणार नाही.

आपल्या जुन्या न्यायशास्त्राने या प्रकाराचा पुरता विचार करून ठेवला आहे. चर्चेचे त्याने तीन प्रकार मानले. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद. केवळ जिंकावे म्हणून चालतो तो जल्प. आणि स्वतःचे काहीच न मांडता दुसऱ्याचे तेवढे खोडून काढणे म्हणजे वितंडा. आज ‘वाद’ हा शब्द आपण भांडणासाठी वापरतो, हीच मौज आहे! शास्त्रीय ग्रंथांची आणखी एक शिस्त होती. आपला सिद्धांत सांगण्याआधी प्रतिपक्षाचे म्हणणे, म्हणजे पूर्वपक्ष, मांडायचा. तोही असा की, प्रतिपक्षानेच म्हणावे, “होय, माझे म्हणणे हेच.”

हे पोथीत ठीक आहे, राजकारणात कसे चालायचे, असे कोणी म्हणेल. परंतु ज्या विषयावरून फराळाच्या बश्या आदळतात, त्याच विषयावर याच नागपुरात एकदा असा पूर्वपक्ष कागदावर उतरला होता. २८ सप्टेंबर १९५३ रोजी झालेला नागपूर करार तो हाच.

त्यामागची परिस्थिती ध्यानात घेतली पाहिजे. मराठी मुलूख तेव्हा मुंबई, मध्य प्रदेश आणि हैदराबाद अशा तीन राज्यांत विभागलेला होता. सारे मराठी भाषक एका राज्यात यावेत, ही एका बाजूची ओढ. दुसरी बाजूही हलकी नव्हती. स्वतंत्र महाविदर्भाचा ठराव मध्यप्रांत-वऱ्हाडच्या विधिमंडळाने १९३८ सालीच केला होता. १९४७ च्या ऑगस्टमध्ये अकोल्यास जो करार झाला, त्यातही एकाच प्रांतात पश्चिम महाराष्ट्र आणि महाविदर्भ असे दोन उपप्रांत, दोघांची विधिमंडळे वेगळी, अशी तोड सुचवली होती.

१९५३ साली मुंबई राज्यातून भाऊसाहेब हिरे आणि यशवंतराव चव्हाण, विदर्भातून रा. कृ. पाटील, रामराव देशमुख, गोपाळराव खेडकर व शेषराव वानखेडे, मराठवाड्यातून देवीसिंह चौहान अशी मंडळी सह्या करणारांत होती. “तुम्ही मराठी, आम्ही मराठी, मग हरकत कसली?” एवढे बोलून भागण्यासारखे नव्हते. वैदर्भीयाच्या मनात भाषेविषयी शंका नव्हतीच. त्याची भीती वेगळी होती. नागपूर ही राजधानी होती, १९३६ पासून येथे स्वतंत्र उच्च न्यायालय होते. ते सारे गेले तर शहराचे काय? पैसा मुंबई-पुण्याकडेच वाहील काय? नोकऱ्या कोणाला मिळतील? शिक्षणाच्या जागा कोणाला?

कराराची थोरवी अशी की, या भीतीची त्याने टिंगल केली नाही. तिला देशद्रोह म्हटले नाही, भाषाद्रोहही म्हटले नाही. एकेका भीतीचे एकेक कलम केले. राजधानी मुंबई, पण सरकारने ठरावीक काळ नागपुरास यावे आणि विधिमंडळाचे वर्षाकाठी निदान एक अधिवेशन येथे भरावे. न्यायालयाचे मुख्य पीठ मुंबईस, दुसरे नागपुरास. खर्चाची वाटणी लोकसंख्येच्या प्रमाणात आणि मागासलेल्या मराठवाड्याकडे विशेष लक्ष. नोकऱ्यांत व तांत्रिक शिक्षणातही प्रमाणशीर वाटा. अशी एकूण अकरा कलमे. विरोधकाशी बोलताना त्याचा झेंडा कोणता, हे विचारण्यापेक्षा त्याला कशाची धास्ती वाटते, हे विचारले म्हणजे काय घडते, त्याचा हा नमुना आहे.

मग सारे गोड झाले काय? तसे मुळीच नाही. स्वतंत्र विदर्भाचे कट्टर पुरस्कर्ते कराराने समाधान पावले नाहीत. १९५५ साली राज्य पुनर्रचना आयोगाने नागपूर राजधानी असलेले आठ जिल्ह्यांचे स्वतंत्र विदर्भ राज्य सुचवले. ती सूचना मानली गेली नाही. १९५६ साली द्वैभाषिक मुंबई राज्य आले आणि १ मे १९६० रोजी महाराष्ट्र झाला. तरी १९६२ साली लोकनायक बापूजी अणे ऐंशी वर्षे उलटून गेल्यावर अपक्ष म्हणून नागपुरातून लोकसभेवर निवडून आलेच! आपल्या खोलीत जे नव्हते, त्यांचे मत आपल्या सह्यांनी बदलत नाही, हा या संवादाचा पहिला धडा.

दुसरा धडा अधिक कडू आहे. प्रादेशिक विकास मंडळांची तरतूद राज्यघटनेच्या ३७१ (२) कलमात १९५६ सालीच झाली होती. प्रत्यक्षात मंडळे उभी राहायला १९९४ साल उजाडावे लागले! २०२० साली त्यांची मुदतही संपली. मधल्या काळात जी बोलणी झाली, ती पुन्हा जल्पाच्या वळणाने गेली. एकजण म्हणे, “आम्हाला लुटले.” दुसरा म्हणे, “तुम्ही आळशी.”

हा कोलाहल काही अंशी मोडला तो आकड्यांनी. १९८३ साली अर्थशास्त्रज्ञ वि. म. दांडेकर यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. रस्ते, सिंचन, वीज, शिक्षण अशा एकेका क्षेत्रात कोण किती मागे आहे, हे तिने मोजले. १९८४ च्या अहवालात एकूण अनुशेष सुमारे ३,१८७ कोटी रुपयांचा निघाला. त्यात विदर्भाचा वाटा सुमारे ३९ टक्के. म्हणजे वैदर्भीयाची तक्रार कल्पनेतली नव्हती. पण उर्वरित महाराष्ट्राचाही वाटा सुमारे ३७ टक्के निघाला! ज्याला आपण ‘लुटणारा’ समजत होतो, त्याच्या मुलखातही रस्ता न पोहोचलेली गावे होती. दोन्ही बाजूंना आपल्या घोषणेत थोडी दुरुस्ती करावी लागेल, असे हे माप होते. मापाच्या पद्धतीवरही पुढे मतभेद झाले. पण कसे मोजावे यावरचा मतभेद हा शिव्यांपेक्षा केव्हाही बरा.

यातून सामान्य माणसाने घ्यायचे ते एवढेच. विरोधकाचे म्हणणे त्याला पटेल अशा शब्दांत आधी आपण सांगावे. त्याच्या मतामागची धास्ती विचारावी. जे मोजता येईल, ते मोजून मगच बोलावे. जो खोलीत नाही, त्याची आठवण ठेवावी. आणि उठण्यापूर्वी पुन्हा कधी बसायचे, ते ठरवावे. मत बदललेच पाहिजे, अशी अट मात्र घालू नये. वेगळा विदर्भ मागणारा आणि अखंड महाराष्ट्र मानणारा, दोघेही उद्या आपापल्या जागीच असतील. पण सिंचनाचे पाणी कोणत्या शेतापर्यंत पोहोचले नाही, यावर दोघांना एकत्र बोलता येईल.

नागपूर करारातील सर्वांत शहाणे कलम बहुधा अधिवेशनाचेच होते. दोघांची मने जुळतील, असे त्यात कोठेही म्हटलेले नाही. दरवर्षी समोरासमोर या, इतकेच म्हटले आहे. १९६० पासून, मोजकी वर्षे वगळता, ती भेट होत आली आहे. २०२० आणि २०२१ साली ती चुकली, तेव्हा कराराची आठवण नागपुरात पुन्हा निघाली. डिसेंबरच्या थंडीत सीताबर्डीच्या रस्त्यांवर मोर्चे निघतात, विधान भवनात खडाजंगी होते. त्या गडबडीला कोणी सहल म्हणून हसते, कोणी तमाशा म्हणून. हसावे खुशाल! पण ज्याच्याशी आपले पटत नाही, त्याच्या दारी वर्षातून एकदा जाण्याचे बंधन स्वतःच्या सहीने स्वीकारणे, ही गोष्ट राजकारणात सोपी नाही आणि नात्यागोत्यातही नाही.