मोटारीची कांति

घरची मोटार रोज सकाळीं फडक्यानें पुसून लख्ख ठेवणें, हें पुष्कळ कुटुंबांत एक नित्यकर्मच होऊन बसलें आहे. आमच्या घरीं हा मान काकांकडे. स्नान, चहा आणि मोटार पुसणें या त्यांच्या क्रमांत वर्षानुवर्षें खंड पडला नाहीं. असें असूनही एके दिवशीं उन्हांत उभ्या असलेल्या गाडीच्या बॉनेटकडे पाहिलें, तों सूर्याच्या प्रतिबिंबाभोंवतीं कोळ्याच्या जाळ्यासारखे असंख्य बारीक चरे दिसले. रंग मळला नव्हता. पण त्यांतलें पाणी गेलें होतें. शोध घेतां कळलें तें असें कीं, हे चरे हयगयीचे नसून त्या रोजच्या काळजीचेच होते!

हें कसें घडतें, तें समजण्यास रंगाची घडण ठाऊक असली पाहिजे. अलीकडच्या बहुतेक मोटारींच्या पत्र्यावर प्रथम गंजरोधक थर, त्यावर अस्तर, त्यावर रंग आणि सर्वांवर 'क्लिअर कोट' नांवाचा पारदर्शक थर असतो. जी झळाळी दिसते ती या शेवटच्या थराची. त्याची जाडी सामान्यतः ४० ते ५० मायक्रॉन, म्हणजे डोक्याच्या केंसाहूनही कमी. रस्त्यावरच्या धुळींत वाळूचे व दगडाचे कण असतात. कोरड्या फडक्यानें ती पुसणें म्हणजे या कणांनीं तो नाजूक थर खरवडणेंच होय.

पॉलिशनें चरा भरून निघतो, अशी पुष्कळांची समजूत असते. वस्तुतः चरा भरत नाहीं; त्याच्या भोंवतालचा थर बारीक कणांनीं घासून चऱ्याच्या तळापर्यंत उतरविला जातो. म्हणजे प्रत्येक पॉलिश हा मुद्दलांतला खर्च आहे. आणि हें मुद्दल घरीं पुन्हां भरतां येत नाहीं.

म्हणून उपायापूर्वीं परीक्षा करावी. चऱ्यावर पाणी लावावें. ओला असतां तो दिसेनासा झाला, तर तो वरच्या थरांतच आहे असें समजावें. मग त्यावर नख आडवें फिरवावें. नख अडकलें तर चरा खोल आहे. अस्तर किंवा पत्रा दिसत असेल, तर घासण्याचा मोह सोडावा. तेथें टच-अप रंगानें पत्रा झांकावा अथवा रंगाऱ्याकडे जावें. नाहीं तर पावसाळ्यांत गंज धरेल.

उथळ चऱ्यांची कृति अशी. गाडी सांवलींत उभी करून पत्रा थंड होऊं द्यावा. दोन बादल्या घ्याव्या. एकींत मोटारीच्या शांपूचें पाणी व दुसरींत नुसतें पाणी. प्रथम गाडीवर भरपूर पाणी सोडून धूळ वाहूं द्यावी. नंतर वरून खालीं धुवावें, आणि फडकें प्रत्येक वेळीं साध्या पाण्यांत खळबळून मगच शांपूंत बुडवावें. मायक्रोफायबरच्या कापडानें गाडी टिपून घेतल्यावर, स्पंजच्या गादीवर मटाराएवढें सौम्य पॉलिश घेऊन एका वेळीं हातभर जागेवर हलक्या दाबानें फिरवावें व स्वच्छ कापडानें पुसावें. कडांवर रंग पातळ असतो. तेथें हात आवरता घ्यावा. दोन वेळां करूनही एखादा चरा उरला, तर तो तसाच राहूं द्यावा. शेवटीं वॅक्सचा, म्हणजे मेणाचा, हात द्यावा. मॅट, म्हणजे बिनचकाकीच्या, रंगाला मात्र पॉलिश कदापि लावूं नये.

जुन्या मोटारींची गोष्ट निराळी. १९२३ सालीं ड्यू पाँट कंपनीनें 'ड्युको' हा लवकर वाळणारा रंग पुढें आणला; आपल्याकडील कांहीं कारागीर मोटारीच्या रंगास अजूनही ड्युकोच म्हणतात. तशा जुन्या रंगांवर निराळा पारदर्शक थर नसे. पॉलिश करतांना फडक्यावर गाडीचाच रंग उतरूं लागला, तर ती त्या जातीची समजावी व अधिकच जपून घासावें.

दांतांच्या पेस्टचा उपाय पुष्कळ जण सुचवितात. तिच्यांत घासणारे कण असतात हें खरें. पण ते दांतांसाठीं योजिलेले, रंगासाठीं नव्हे. खोबरेल तेलानें चरे झांकले जातात, पण धुतांच पुन्हां प्रकट होतात, आणि तेलावर धूळ बसते ती वेगळीच.

राहतां राहिली काकांची गोष्ट. इतक्या वर्षांच्या निष्ठेनें गाडीचें नुकसान झालें, हें त्यांना सांगावें कसें, असा आम्हांस मोठा पेंच पडला. शेवटीं आम्हीं त्यांनाच उन्हांत नेऊन बॉनेट दाखविलें. ते बराच वेळ कांहींच बोलले नाहींत. मग हातांतलें फडकें घडी करून त्यांनीं बाजूला ठेविलें, आणि मुलांस दोन बादल्या आणण्यास सांगितलें. आतां गाडी रोज पुसली जात नाहीं. ती आठवड्यांतून एकदां काकांच्या देखरेखीखालीं भरपूर पाण्यानें धुतली जाते, आणि पॉलिशची डबी बहुधा कपाटांतच असते.